जुन्या सीआर-व्हीच्या नोंदी : मागची चाकं आणि एक लिटर तेल

गाडी होंडा सीआर-व्ही, दुसरी पिढी. नोंदणी जून 2006, ठाण्याची, एमएच-04. 2354 सीसी पेट्रोल इंजिन, पाच गिअरचा ऑटोमॅटिक, आणि गरज पडली की मागच्या चाकांनाही ताकद देणारी यंत्रणा. बाबांनी 2011 मध्ये सेकंड हँड घेतली. पंधरा वर्षं झाल्यावर 2021 मध्ये नोंदणी पाच वर्षांनी वाढवली, ती मुदत जून 2026 मध्ये संपते. त्याआधी ठरवायचंय, ठेवायची की द्यायची. नुसता जीव अडकलाय म्हणून ठेवायची नाही, असं माझं आणि बाबांचं बोलणं झालंय. हा पावसाळा तिच्यासोबत काढायचा आणि जे दिसेल ते लिहून ठेवायचं.

9 मार्च 2025, रविवार. 1,43,180 किमी

पहिला प्रश्न आवाजाचा. सोसायटीच्या पोडियमवर, म्हणजे वरच्या पार्किंगवर, चढताना रॅम्पला डावीकडे स्टिअरिंग पूर्ण फिरवावं लागतं. नेमकं तिथे मागून जात्यासारखी घरघर येते आणि सीटखाली थरथर जाणवते. स्टिअरिंग सरळ केलं की आवाज गायब. सकाळी गाडी गार असताना कमी असतो, संध्याकाळी माजिवड्यापासून पातलीपाड्यापर्यंत रखडत आल्यावर हमखास येतो.

गेल्या वर्षी एका वर्कशॉपने मागची बेअरिंग गेली म्हणून सांगितलं. दोन्ही बाजूंची बदलली, आवाज तसाच. दुसरीकडे अख्खा मागचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी गिअरपेटी, बदलायला सांगितला, सव्वा लाखाचा अंदाज हातात दिला. दोन्ही ठिकाणी कुणी तेलाचं बूचसुद्धा उघडून पाहिलं नव्हतं. याचा मला अजून राग येतो.

ही यंत्रणा कशी चालते ते आज कागदावर काढून बाबांना दाखवलं. नेहमी ताकद पुढच्या चाकांनाच जाते. पुढून एक लांब शाफ्ट मागे येतो आणि मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी थांबतो. तिथे तेलाचे दोन पंप आहेत. एक त्या शाफ्टवर, म्हणजे पुढच्या चाकांच्या वेगाने फिरणारा, दुसरा मागच्या चाकांच्या वेगाने. दोन्ही सारख्या वेगाने फिरत असले की एकाने ढकललेलं तेल दुसरा ओढून घेतो, दाब तयार होत नाही. पुढची चाकं चिखलात घसरून जोरात फिरली की पुढच्या पंपाचं तेल जास्त होतं, दाब वाढतो, त्या दाबाने क्लच प्लेटा एकमेकींना चिकटतात आणि मागची चाकं ओढायला लागतात. यात ना बटण, ना संगणक. तेलाचा दाब, बस.

पूर्ण वळणावर पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणून मागच्यांपेक्षा थोडी जास्त फिरतात. एवढ्या फरकाने प्लेटा चिकटू नयेत म्हणून मागच्या पंपाची क्षमता अडीच टक्के जास्त ठेवलेली आहे. ही सवड पुरत नाही किंवा तेलातला चिकटपणा-निसरडेपणाचा तोल बिघडतो, तेव्हा प्लेटा अर्धवट धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. रॅम्पवरची घरघर ती हीच असणार.

16 मार्च, रविवार. 1,43,310 किमी

वागळे इस्टेटमधल्या मिस्त्रीकाकांकडे. रविवारी तिथल्या गल्ल्या ओस असतात, निवांत काम करता येतं.

नियम एकच, आधी भरायचं बूच उघडायचं. ते जाम असेल आणि आपण खालचं काढून तेल सोडून दिलं, तर गाडी तिथेच अडकते. दोन्ही बुचांना चौकोनी खाच आहे. पाना लागत नाही, तीन-अष्टमांश इंची रॅचेटचं टोक थेट त्यात बसतं. वरचं बूच गंजाने धरलं होतं. काकांनी गंज सोडवणारं तेल मारलं, चहा घेतला, मग रॅचेटला पाइप जोडून हळूहळू जोर दिला. 'कट्ट' आवाज झाला, तेव्हा आम्ही तिघांनीही श्वास सोडला.

खालून आलेलं तेल काळं आणि जळका वास मारणारं. काकांनी दोन बोटांत चोळलं आणि म्हणाले, "ताई, हे साधं गिअर ऑइल आहे. बाकी गाड्यांच्या डिफरन्शियलच्या हाउसिंगमध्ये टाकतात तेच." बाबांनी सगळी बिलं फाईलला लावून ठेवली आहेत. रात्री फाईल चाळली. 2022 च्या एका बिलावर लिहिलंय : 'रिअर डिफ ऑइल 80डब्ल्यू-90'. या गाडीला तिथे ड्युअल पंप फ्लुइड लागतं, कारण तेच तेल पंपात दाब तयार करतं आणि त्याच तेलात क्लच प्लेटा बुडालेल्या असतात. साध्या गिअर ऑइलला या प्लेटांशी कसं वागायचं ते ठाऊक नाही. तीन वर्षं आमच्या प्लेटा चुकीच्या तेलात घासत होत्या.

नवीन तेल एक लिटर गेलं. बुचांना नवीन वॉशर. मग रिकाम्या गल्लीत इंग्रजी आठच्या आकारात वीस-पंचवीस फेऱ्या, दोन्ही बाजूंना पूर्ण वळण, म्हणजे प्लेटांमधलं अडकलेलं जुनं तेल धुऊन निघतं. दहाव्या फेरीपासून आवाज उतरू लागला. बंद मात्र झाला नाही.

23 मार्च, रविवार

तेच तेल पुन्हा काढलं. एका आठवड्यात गढूळ झालं होतं. पुन्हा एक लिटर नवीन. घरी येताना रॅम्पवर अगदी पुसट घरघर. दोन्ही वेळचं तेल, वॉशर आणि मजुरी मिळून साडेचार हजारांच्या आत.

6 एप्रिल, रविवार. 1,43,890 किमी

सकाळी गार असताना इंजिन आयडलवर किंचित लटपटायचं, म्हणून टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट, तपासले. हे इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजावं लागतं, म्हणून गाडी आदल्या रात्रीच काकांकडे ठेवली होती. हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हला 0.21 ते 0.25 मिमी आणि धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्टला 0.28 ते 0.32 मिमी फट हवी. इनटेकचे ठीक निघाले. एक्झॉस्टचे आठपैकी पाच घट्ट, एक तर 0.20 वर. वय झालं की व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत हळूहळू रुतत जातात आणि फट मिटत जाते, त्यामुळे हा बिघाड आवाज न करता वाढतो. टकटक वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा न वाजणाऱ्या घट्ट टॅपेटची भीती जास्त, कारण व्हॉल्व्ह पूर्ण मिटला नाही तर जळतो.

सीएनजी लावून घ्या, असा सल्ला सोसायटीतले निदान तिघे देतात. पंपावरचा खर्च बघता त्यांचं चुकत नाही. पण कोरड्या गॅसवर नेमके हेच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लवकर रुततात, आणि टाकी जाणार डिकीत. या गाडीचा निम्मा उपयोग डिकीत आहे. सीएनजी नाही लावायचा. हा विषय माझ्यापुरता संपला.

13 एप्रिल, रविवार. 1,44,050 किमी

टायर. पुढचे दोन जुने, नक्षी 3 मिमी उरलेली. मागचे दोन त्यामानाने नवे, 7 मिमीच्या वर. दुकानदार म्हणाला, पुढचे दोनच बदला. साध्या गाडीला मीही तेच केलं असतं.

हिशेब असा. 215/65 आर16 टायरचा व्यास 686 मिमीच्या आसपास. नक्षीत 4 मिमी फरक म्हणजे व्यासात 8 मिमी, सव्वा टक्क्याच्या आत-बाहेर. झिजलेलं चाक लहान, म्हणून तेवढंच अंतर कापायला जास्त फिरतं. ते पुढे असलं तर सरळ रस्त्यावरसुद्धा अडीच टक्क्यांतली निम्मी सवड तिथेच खर्च होते, आणि वळणावर प्लेटा धरायला लागतात. रॅम्पवर राहिलेल्या पुसट घरघरीचं कारण इथे सापडलं.

चारही नवीन टाकले, एकाच मेकचे, एकाच नक्षीचे. चौतीस हजार. आता दर आठ हजार किमीला पुढचे मागे, मागचे पुढे. रॅम्पवर आवाज नाही.

27 एप्रिल, रविवार. 1,44,420 किमी

पुढच्या लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यांचे) रबरी बुश, लिंक रॉड, कूलंट, गिअरचं तेल. लोअर आर्म कुर्ल्याच्या बाजारातून आणले. बुश वेगळे प्रेस करण्यापेक्षा आर्मसकट परवडले. एसीच्या कॉम्प्रेसरचा आवाज तपासून घेतला, ठीक आहे. या मॉडेलचा कॉम्प्रेसर आतून फुटला की धातूचा चुरा कंडेन्सरपर्यंत जातो आणि सगळंच बदलावं लागतं, म्हणून याकडे कानाडोळा करायचा नाही.

26 मे, सोमवार. 1,45,100 किमी

पाऊस आजच आला. मे महिना सरायच्या आत मुंबई-ठाण्यात मान्सून, असं माझ्या आठवणीत नाही. वायपरची रबरं जूनमध्ये बदलायची होती, ती तशीच राहून गेली.

ठाण्यातल्या वंदना टॉकीजपाशी पाणी भरल्याचं कळलं. "आपली फोर व्हील आहे, चल," असं गाडीतली मैत्रीण म्हणाली. मी गाडी मागे वळवली आणि हायवेवरून गेले. पाण्यात चार चाकांना ताकद असण्याचा काही उपयोग नाही. इंजिन हवा कुठून ओढतं आणि पाणी कुठवर आलंय, एवढाच प्रश्न असतो. पाणी एकदा आत ओढलं गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग या वयाच्या गाडीची दुरुस्ती नसते.

15 जून, रविवार. 1,45,640 किमी

समृद्धीचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा दहा दिवसांपूर्वी खुला झाला. गाडी मोकळ्या रस्त्यावर कशी पळते ते बघायला याहून चांगली जागा नाही. सकाळी सहाला निघालो, बाबा शेजारी.

आजच्या टर्बो गाड्या चालवून या गाडीत बसलं की पहिल्यांदा सुस्त वाटते. पायाला स्पर्श होताच उसळत नाही. पण तीन हजारांच्या पुढे इंजिन मोकळं होतं आणि मग आवाज न चढवता ओढत राहतं. शहापूरपुढच्या चढावर शंभरला गिअरबॉक्स एक गिअर खाली आला, तिथेच टिकला, पुन्हा वर-खाली करत बसला नाही. एकोणीस वर्षं जुन्या ऑटोमॅटिककडून मला एवढीच अपेक्षा होती. जवळपास आठ किमीचा बोगदा संपून इगतपुरीच्या धुक्यात बाहेर पडलो तेव्हा बाबा म्हणाले, "कसारा घाटात ट्रकच्या मागे किती तास काढलेत मी हिच्यात."

आडवा वारा मात्र लागतो. गाडी उंच आणि खोक्यासारखी, पुलांवर स्टिअरिंग दोन्ही हातांत धरावं लागलं. वळणात अंग झुकतं. नाशिकहून परत येईपर्यंत 362 किमीला 32 लिटर, म्हणजे 11.3. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामातून रोजची ये-जा केली की साडेसातच्या वर कधी जात नाही.

6 जुलै, रविवार, आषाढी एकादशी. 1,46,420 किमी

खरी परीक्षा आज झाली. मुरबाडच्या पुढे, टोकावड्याकडे मामांचं शेत आहे. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत पाऊण किलोमीटर मातीचा रस्ता, शेवटी ओढ्याच्या काठाने एक चढ. लावणी चालू होती. युरियाच्या 45 किलोच्या दोन गोण्या, एक फवारणी पंप, आजीची औषधं आणि आम्ही चौघं.

चढाच्या पायथ्याशी शेजारच्यांची नवी गाडी उभी होती. दिसायला आमच्यापेक्षा मोठी, ताकद फक्त पुढच्या चाकांना. चालक दोनदा निम्म्यापर्यंत जाऊन मागे घसरला होता. लाल माती, वरून पाण्याचा पातळ थर, साबणासारखी.

बाबा खाली उतरले आणि मागच्या चाकाजवळ बाजूला उभे राहिले. पहिल्या खेपेला मी चुकले. पुढची चाकं घसरल्याचं जाणवताच सवयीने पाय उचलला. वेगांचा फरक मिटला, दाब गेला, गाडी थांबली. ही यंत्रणा आधी घसरू देते आणि मग मदतीला येते, तो मधला क्षण सोसावा लागतो. गाडी मागे घेतली, गिअर लिव्हर खालच्या गिअरवर, ॲक्सिलरेटर एकाच ठिकाणी धरून ठेवला. पुढची चाकं फिरली, बॉनेट डावीकडे सरकलं, चिखल काचेवर आला. मी मनात एक, दोन मोजलं. आणि मागून कुणीतरी खांदा लावावा तशी गाडी वर गेली. बाबा ओरडले, "धरलं, मागचं धरलं!" त्यांचा आवाज मला बंद काचेतून ऐकू आला.

हा तोच पंप, तेच एक लिटर तेल. चुकीच्या तेलावर ही गाडी आज वर चढली असती का, याची मला खात्री देता येत नाही. गाडी चढली आणि मागून आवाज आला नाही, एवढं मी स्वतः पाहिलं.

मर्यादाही आजच कळली. घराच्या मागे ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्या आहेत. तिथे एक मागचं आणि एक पुढचं चाक तिरकं अधांतरी झालं, तशी तीच दोन चाकं हवेत फिरत राहिली. दोन्ही चाकं एकत्र बांधणारं डिफरन्शियल लॉक नाही, जास्त ओढीचा लो रेंज गिअर नाही. मामांनी ट्रॅक्टरने दोन फूट ओढली. ओला चढ, शेवाळलेला उतार, रेताड वाट एवढ्यासाठी ही गाडी आहे. थार-जिम्नीच्या वाटेला तिने जायचं नाही आणि मी नेणारही नाही.

दुपारी डिकीतली फळी काढली. डिकीची जमीन म्हणून असलेली ही फळी खालचे पाय उघडले की टेबल होते. बांधावरच्या आंब्याखाली ती मांडली, वर साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, वरीचे तांदूळ. मामी प्रत्येक वेळी विचारते, "हे गाडीसोबतच आलं होतं?" फळीखालच्या खणात चिखलाचे बूट ठेवले, वर पुन्हा फळी टाकली, पिशव्या कोरड्या राहिल्या.

19 ऑगस्ट, मंगळवार

दोन दिवस नुसता पाऊस. गाडी पोडियमवरून हलवली नाही.

27 ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी. 1,47,600 किमी

आतली जमीन सपाट आहे, मधे बोगद्यासारखा उंचवटा जवळजवळ नाही. मागची सीट रुळावरून पूर्ण मागे सरकवली आणि तिच्यापुढे पाट ठेवला. दीड फुटाची मूर्ती त्यावर, आई शेजारी बसून हात धरून. गिअर लिव्हर स्टिअरिंगपाशी असल्याने पुढच्या दोन सीटांमधली जागाही मोकळी. मधला ट्रे खाली पाडला की चालता-चालता मागे जाता येतं. आई गायमुखच्या खड्ड्यांतसुद्धा मूर्तीवरून नजर हलवत नव्हती. मी वीसच्या वर गेले नाही.

डिकीचं दार बाजूला उघडतं आणि स्टेपनी त्यावर टांगलेली. अरुंद जागी हे अडचणीचं आहे. मागे गाडी चिकटून उभी असली की दार उघडत नाही. तेव्हा फक्त वरची काच उघडून हार-फुलं, फळं आत टाकली. स्टेपनीच्या वजनाने बिजागऱ्या किंचित खाली बसल्यात, दार लावताना हलकं उचलावं लागतं. बिजागऱ्यांचं काम यादीत.

21 सप्टेंबर, रविवार. 1,48,290 किमी

पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा, म्हणजे ॲव्हरेज थोडं पडणारच. ते सोसता येतं. मला काळजी रबराची आहे, 2006 च्या पाइपांनी हे इंधन सोसावं अशी त्यांची घडण नाही. इंजिनाजवळचे इंधनाचे रबरी पाइप आणि क्लॅम्प बदलले. जुना पाइप दाबला तर आतल्या बाजूला बारीक भेगा दिसल्या. वेळेत पाहिलं, बरं झालं. आता दर सहा महिन्यांनी हात फिरवून आणि वास घेऊन तपासायचे. गाडी आठवडाभर उभी ठेवायची असेल तर टाकी पाऊण भरलेली ठेवायची.

12 ऑक्टोबर, रविवार. 1,48,870 किमी

मागच्या डिफरन्शियलचं तेल मुद्दाम पाहायला उघडलं. वरचं बूच या वेळी सहज सुटलं. तेल मधासारखं, थोडं गडद. खालच्या बुचाच्या चुंबकावर करडी, काजळासारखी मऊ लेप. बोटांत चोळली, कण लागला नाही. काका म्हणाले, "प्लेटा आहेत अजून." तरीही तेल बदलून टाकलं, एक बाटली कपाटात शिल्लक.

गाडी ठेवायची, असं आज ठरलं. रोजच्या ऑफिसला नाही, त्याला लोकल आणि रिक्षा आहे. पावसाळ्यातलं मामांचं शेत, बाहेरगाव, सामानसुमान यासाठी. उच्च सुरक्षा नंबरप्लेटचं काम झालंय, 745 अधिक जीएसटी. नोंदणी वाढवायचा फॉर्म 25 मुदत संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांत भरता येतो, म्हणजे एप्रिलअखेर. वीस वर्षांवरच्या गाडीची फी आता दहा हजार, ती बाजूला काढून ठेवलीये. त्याआधी बिजागऱ्या, आणि पुढच्या डाव्या चाकाच्या कमानीतला गंज.

संध्याकाळी तापलेली गाडी घेऊन पोडियमवर आले. बाबा वळणावरच्या खांबापाशी येऊन उभे होते. डावीकडे पूर्ण वळवून वर नेली, मागे घेतली, उजवीकडे पूर्ण वळवून पुन्हा आणली. बाबांनी मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकलं, मग हात वर केला. मी गाडी जागेवर लावली.